रिच किती, लीन किती

१ किलो पेट्रोल पुरते जळावे आणि सिलिंडरमधला ऑक्सिजनही शिल्लक राहू नये, यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते. मिश्रण नेमके या प्रमाणात असले की त्याचा लॅम्डा १ धरतात. पेट्रोल याहून जास्त झाले तर लॅम्डा १ च्या खाली येतो आणि मिश्रण ‘रिच’ होते. पेट्रोल कमी पडले तर लॅम्डा १ च्या वर जातो, मिश्रण ‘लीन’ होते. टर्बो इंजिनाच्या ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, या आकड्यांचा तक्ता साठवलेला असतो. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा लोड आणि प्रत्येक चौकटीत त्या स्थितीसाठी हवा असलेला लॅम्डा. वर्कशॉपच्या भाषेत हे ‘टार्गेट’. बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवला, पेट्रोल बदलले, इंटरकूलर मोठा बसवला की हा तक्ता पुन्हा पाहावा लागतो. लॅपटॉपवर तो बदलायला दोन मिनिटे लागतात. तो बदलायची खरोखर गरज आहे का, हे ठरवण्यात मात्र दिवस जातो.

पहिला घोळ आकड्याच्या भाषेतच होतो. गाडीत बसवलेला वाइडबँड सेन्सर धुरातल्या वायूंवरून लॅम्डा ओळखतो, पण बरेच गेज तो लॅम्डा १४.७ ने गुणून हवा-पेट्रोल प्रमाण म्हणून दाखवतात. शुद्ध पेट्रोल असेपर्यंत यात काही बिघडत नाही. इथेनॉलला मात्र पूर्ण जळायला वजनाच्या फक्त ९ पट हवा पुरते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी लॅम्डा १ चे प्रमाण १३.५ च्या जवळ येते. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमधले इथेनॉल सरासरी २० टक्क्यांपर्यंत पोचले, आणि महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा त्यातला वाटा मोठा आहे. उसाचा प्रश्न असा थेट इंजेक्टरपर्यंत येऊन पोचतो. समजा टार्गेट लॅम्डा ०.८२ आहे. १४.७ च्या गेजवर हे १२.०५ दिसेल. कुणी हिशेबी माणूस ०.८२ ला १३.५ ने गुणून ११.०७ काढतो आणि तोच आकडा गेजवर शोधत बसतो. गेज ११.०७ दाखवते तेव्हा प्रत्यक्षात लॅम्डा ०.७५ झालेला असतो, म्हणजे इंजिनात विनाकारण पेट्रोल ओतले जात असते. लॉग, तक्ता आणि गेज तिन्ही लॅम्डावर आणले की हा गोंधळ संपतो. जुन्या सवयीमुळे ‘बारावर ठेव’, ‘साडेअकरावर ठेव’ असे बोलले जातेच, आणि बोलणाऱ्याला सहसा १४.७ च्याच गेजवरचे बारा अभिप्रेत असतात.

टर्बो नसलेल्या इंजिनात सर्वांत जास्त ताकद साधारण लॅम्डा ०.८६ ते ०.९० या पट्ट्यात मिळते. ज्वालेचा वेगही तिथेच सर्वाधिक असतो. मग टर्बो इंजिनात ०.८० किंवा ०.७८ कशासाठी? टर्बोने दाबलेली हवा गरम होते, इंटरकूलर त्यातली काही उष्णता काढतो, उरलेली सिलिंडरमध्ये जाते. दाब आणि उष्णता दोन्ही वाढले की ज्वाला पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपणहून पेट घेते आणि इंजिन ठोकू लागते. हेच नॉकिंग. जास्तीच्या पेट्रोलला जळायला ऑक्सिजन मिळत नाही, पण वाफ होताना ते प्रत्येक किलोमागे सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता ओढून घेते. इथेनॉल याच्या अडीच पट ओढते. म्हणजे जास्तीचे पेट्रोल इथे कूलंटचे काम करते. ही युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानाच्या पेट्रोलवर १००/१३० असे दोन आकडे असत. पहिला लीन मिश्रणावरचा, दुसरा रिच मिश्रणावरचा. एकाच पिंपातले इंधन रिच चालवले की नॉकिंगला जास्त दाद देत नाही, हे त्या दोन आकड्यांतच मान्य केलेले होते.

या फायद्याला तळ आहे. लॅम्डा ०.७८ च्या खाली जाताना फायदा झपाट्याने कमी होतो. ज्वाला मंदावते, ताकद उतरते, धुराड्यातून काळा धूर येऊ लागतो. सिलिंडरच्या भिंतीवरची तेलाची पातळ फिल्म पेट्रोल धुऊन नेते आणि तेच पेट्रोल रिंगांमधून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिक काढून नाकाशी धरली की कळते. ‘रिच म्हणजे सेफ’ हे वाक्य ट्यूनिंग शिकणारा प्रत्येक जण पहिल्या महिन्यात ऐकतो. ते अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते मोडायला वेळ लागतो. थोडे रिच इंजिन थोड्या लीन इंजिनापेक्षा उशिरा मरते, एवढाच त्याचा अर्थ.

टार्गेटला हात लावण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: ईसीयूने मागितलेला लॅम्डा आणि धुरात मोजलेला लॅम्डा जुळतात का? तक्त्यात ०.८२ लिहिले म्हणून ०.८२ मिळत नाही. ईसीयू आधी हवा मोजतो किंवा तिचा अंदाज घेतो, त्या हवेला ०.८२ साठी किती पेट्रोल लागेल हे काढतो आणि मग तेवढे पेट्रोल सोडायला इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. या साखळीत कुठेही चूक असली तर शेवटचा आकडा चुकतो. घाईतला ट्यूनर तेव्हा टार्गेटच वाकवतो. धुरात ०.८८ दिसले, हवे होते ०.८२, मग तक्त्यात ०.७६ लिहिले आणि गेजवर ०.८२ आले. काम झाल्यासारखे वाटते. पण ईसीयूच्या समजुतीप्रमाणे इंजिन आता ०.७६ वर चालले आहे, आणि टॉर्कचा व इग्निशनचा पुढचा हिशेब तो त्याच समजुतीवर करतो. हवामान बदलले की ही खोटी चौकट कुठल्या बाजूला सरकेल याचा भरवसा नसतो.

भारतात २००४ पासून विकल्या गेलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमध्ये हे सगळे स्पष्ट पाहता येते. १,७८१ सीसीचे, २० व्हॉल्व्हचे, १५० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन आणि त्यावर बॉशचे मोट्रॉनिक एमई७. ट्यूनिंगच्या नादातल्या कित्येकांचे हात याच गाडीवर बसले. तिच्या ईसीयूत इंजेक्टरच्या क्षमतेसाठी एक स्थिरांक आहे, जर्मन आद्याक्षरांवरून केआरकेटीई. बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे इंजेक्टर उघडायला लागणाऱ्या उशिरासाठी वेगळी ओळ आहे. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या व्होल्टेजचे ताशी किलोग्रॅममध्ये रूपांतर करणारी तिसरी ओळ आहे. मोठे इंजेक्टर टाकले की पहिल्या दोन जागा बदलतात. एअरफिल्टरची पेटी किंवा सेन्सरचा पाइप बदलला की तिसरी. या तिन्ही ताळ्यावर आल्यावरच टार्गेटच्या आकड्याला अर्थ येतो. उशिराची ओळ चुकलेली असली की आयडलिंगला गाडी एका बाजूला ओढते आणि पूर्ण लोडला दुसऱ्या बाजूला. कारण आयडलिंगला इंजेक्टर जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद उघडा असतो आणि त्यात अर्ध्या मिलिसेकंदाची चूक प्रचंड ठरते.

याच ईसीयूत टार्गेटचे तक्तेही एकाहून जास्त आहेत. एक चालकाने मागितलेल्या ताकदीशी बांधलेला, लामफा. दुसरा पुर्जे वाचवण्यासाठीचा, केएफएलबीटीएस. ईसीयू धुराचे तापमान हिशेबाने काढत राहतो. ते ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की दुसरा तक्ता जागा होतो, आणि दोन्हीपैकी जो जास्त रिच लॅम्डा मागतो तो लागू होतो. कंपनीच्या मूळ सेटिंगमध्ये पहिला तक्ता बऱ्याच भागात १ च्या आसपास असतो आणि रिच करण्याची जबाबदारी दुसऱ्यावर असते. मूळ बूस्टला हे चालून जाते, मायलेज राहते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही समाधानी राहतो. बूस्ट १ बारच्या आसपास नेला की मात्र पेडल दाबल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत, धूर तापण्याआधी, इंजिन पूर्ण दाबाखाली लॅम्डा १ च्या जवळ धावते. नॉकिंग नेमके तिथे सापडते. डायनोवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रावर, गाडी आधीच तापलेली असते, त्यामुळे तिथे ते दिसत नाही. सिग्नल सुटल्यावर दिसते. अशा गाडीत वरच्या लोडच्या चौकटींत पहिला तक्ताच ०.८५ ते ०.८८ वर आणावा लागतो आणि त्याखालचा उष्णतेचा भार दुसऱ्याकडे ठेवावा लागतो. दुसरा तक्ता बंद करून पहिल्यातच सरसकट ०.७८ भरणारे ट्यून बाजारात पुष्कळ फिरतात. ते चालतात, पेट्रोल पितात, आणि घाटात लागणारी राखीव जागा आधीच खर्च करून बसतात.

प्रत्यक्ष काम कंटाळवाणे असते. डायनोवर एकाच गिअरमध्ये २,५०० पासून ६,५०० आरपीएमपर्यंत एक पूर्ण ओढ घ्यायची. लॉगमध्ये मागितलेला आणि मोजलेला लॅम्डा, बूस्ट, आत जाणाऱ्या हवेचे तापमान, इग्निशनची डिग्री, प्रत्येक सिलिंडरसाठी नॉकमुळे मागे घेतलेल्या डिग्र्या आणि इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ पाहायचा. ६,००० आरपीएमला चार स्ट्रोकचा एक फेरा २० मिलिसेकंदांत संपतो. इंजेक्टर त्यातले १७ मिलिसेकंद उघडा असेल तर तो ८५ टक्के वापरात आहे. तिथून लॅम्डा ०.८५ वरून ०.८० वर न्यायचा म्हणजे सव्वासहा टक्के जास्त पेट्रोल, आणि इंजेक्टर ९० टक्क्यांवर. त्यापुढे टार्गेट कागदावरच राहते. पंप कमजोर असेल तर ते आधीच कागदावर गेलेले असते. पेट्रोलचा दाब बूस्टबरोबर वाढतो की नाही हे गेज लावून पाहिल्याशिवाय टार्गेट रिच करणे म्हणजे रिकाम्या टाकीचा नळ जास्त उघडणे.

बदल ०.०२ पेक्षा मोठा करू नये आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, ही शिस्त सगळ्यांना माहीत असते, पाळली जाते थोड्यांकडून. ०.८४ वरून ०.८२ वर गेल्यावर ताकद तशीच राहिली आणि नॉकमुळे मागे जाणाऱ्या डिग्र्या कमी झाल्या, तर बदल कामाचा. ताकद घटली आणि नॉक तसाच राहिला, तर पेट्रोल हा त्याचा उपाय नव्हता. इथे इग्निशनशी असलेले नाते ध्यानात घ्यावे लागते. रिच मिश्रण हळू जळते, म्हणून ठिणगी थोडी आधी द्यावी लागते. ती तशीच ठेवली तर मिश्रण उशिरापर्यंत जळत राहते आणि उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी धुराड्यात जाते. म्हणजे धूर थंड करायला पेट्रोल वाढवले आणि धूर अपेक्षेइतका थंड झालाच नाही, असे घडू शकते. उलट दिशेची साखळी याहून जास्त भेटते. पंपावरचे साधे पेट्रोल भरलेले, इंजिन ठोकते, ईसीयू ठिणगी ६-७ डिग्री मागे घेतो, उशिराच्या ठिणगीने धूर तापतो, तापलेल्या धुरामुळे पुर्जे वाचवणारा तक्ता पेट्रोल वाढवतो, ताकद उतरते. मालक म्हणतो, गाडी रिच चालते. लॉगमध्ये लॅम्डा खरोखरच ०.७७ असतो. पण दुरुस्ती पेट्रोलच्या तक्त्यात नसते. बूस्ट थोडा उतरवला किंवा चांगल्या ऑक्टेनचे पेट्रोल भरले की ठिणगी जागेवर येते, धूर थंड होतो आणि लॅम्डा आपोआप ०.८४ कडे सरकतो.

सेन्सर खोटे बोलत नाही, पण तो ऑक्सिजनबद्दल बोलत असतो, पेट्रोलबद्दल नाही. ठिणगी चुकली की त्या सिलिंडरमधली हवा न वापरता बाहेर पडते, आणि धुरात ऑक्सिजन वाढल्यामुळे सेन्सर लीन दाखवतो. वरच्या आरपीएमला लॅम्डा अचानक १ कडे उडी मारतो. ट्यूनर घाबरून त्या चौकटी रिच करतो. रिच आणि दाट मिश्रणाला ठिणगी आणखी जड जाते, आणखी चुकते, सेन्सर आणखी लीन दाखवतो. या फेऱ्यात दोन-तीन हातांतून गेलेली गाडी आली की तिच्या तक्त्यात शेवटच्या रांगेत ०.७२ सारखे आकडे सापडतात. लॉगमधली खूण साधी असते: खरा लीनपणा वळणाने चढतो, चुकलेली ठिणगी काट्यासारखी टोचते. प्लगची गॅप ०.८ मिलिमीटरवरून ०.७ वर आणली, दमलेली इग्निशन कॉइल बदलली, की काटे जातात आणि ०.७२ च्या जागी ०.८२ लिहून भागते. धुराडे सेन्सरच्या आधी कुठे गळत असेल तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन असाच लीन आकडा येतो, विशेषतः आयडलिंगला. टर्बो आणि थ्रॉटलमधला रबरी पाइप गळत असेल तर उलटे होते. मोजलेली हवा वाटेत निसटते, पेट्रोल मात्र पूर्ण हिशेबाचे पडते, आणि बूस्टखाली इंजिन रिच होते. म्हणून टार्गेटआधी दाबाची चाचणी. साबणाचे पाणी आणि कॉम्प्रेसर एवढ्यावर ती होते.

एकच सेन्सर चार सिलिंडरांची सरासरी सांगतो, ही मर्यादा पुस्तकात एका ओळीत असते आणि वर्कशॉपमध्ये एका पिस्टनच्या किमतीला समजते. तीन सिलिंडर ०.८० वर आणि एक ०.८८ वर असला तरी सेन्सर निवांत ०.८२ दाखवतो. तो एक सिलिंडर म्हणजे अर्धवट तुंबलेला इंजेक्टर. नॉकचा हिशेब सिलिंडरनिहाय पाहिला की बहुधा त्याच नंबरवर जास्त डिग्र्या मागे गेलेल्या दिसतात. तेव्हा चारही इंजेक्टर काढून बेंचवर त्यांचा प्रवाह मोजणे हेच काम. सगळ्यांना ०.७६ वर नेऊन त्या एकाला वाचवता येते, पण मग बाकीचे तिघे त्याची शिक्षा भोगतात. ओढ संपताच इंजिन बंद करून प्लग काढून पाहण्याची जुनी रीत इथे अजून उपयोगी आहे. चार प्लग शेजारी ठेवले की वेगळा रंग कुणाचा, हे सेन्सरच्या आधी डोळ्याला कळते.

पेडल अचानक दाबल्यावरचा क्षण वेगळा मोजावा लागतो. हवा ताबडतोब येते, पण पोर्टमध्ये फवारलेले पेट्रोल काही अंशी भिंतीला चिकटते आणि एक-दोन फेऱ्यांनी आत जाते. त्या अर्ध्या सेकंदात लीन झटका येतो. त्यासाठी ईसीयूत वेगळी भर घालण्याची सोय असते. टार्गेटच्या तक्त्यात मधल्या चौकटी रिच करून तो झटका झाकता येतो, पण मग शहरात आरामात चालवतानाही गाडी त्याच चौकटींतून जाते आणि मायलेज कोसळते. याशिवाय कमी आरपीएमला धूर सेन्सरपर्यंत पोचायलाच वेळ लागतो, त्यामुळे लॉगमधला झटका प्रत्यक्ष झटक्यानंतर दिसतो आणि चुकीच्या चौकटीला दोष जातो.

पुण्यात ट्यून केलेल्या गाडीला खंबाटकी किंवा खंडाळा घाट ही वेगळी परीक्षा असते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के कमी. तोच बूस्ट द्यायला टर्बोला जास्त फिरावे लागते आणि हवा जास्त तापते. डायनोवरची ओढ १०-१५ सेकंदांत संपते. घाटात भरल्या गाडीने मे महिन्यात चढताना तोच भार कित्येक मिनिटे राहतो. इंटरकूलर तापून निघतो, हवेचे तापमान ३५ वरून ६० अंशांवर जाते. या वेळी पहिल्या सेकंदाचे ०.८६ पुरत नाही, आणि इथेच धुराच्या तापमानावर चालणाऱ्या दुसऱ्या तक्त्याची किंमत कळते. बऱ्याच टर्बाइन आणि मॅनिफोल्डसाठी सततच्या वापरात ९०० ते ९५० अंश सेल्सिअस ही मर्यादा धरतात, आणि तापमानाचा हिशेब खरा आहे की नाही हे टर्बाइनच्या आधी प्रत्यक्ष थर्मोकपल बसवूनच ताडता येते. हिशेब ८० अंशांनी कमी दाखवत असेल तर तक्ता जागा व्हायलाच उशीर होतो.

हे सगळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या विरोधात जाते, हेही नोंदवायला हवे. तो लॅम्डा १ च्या अरुंद पट्ट्यातच तिन्ही प्रदूषकांवर काम करतो. ०.८२ वर कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर पडतो. पीयूसीची तपासणी लोडशिवाय होत असल्याने तिथे हे दिसत नाही, पण म्हणून ते नसते असे नाही. रोजच्या गाडीत रिच चौकटी जितक्या कमी आणि जितक्या वरच्या लोडला, तितके बरे.

काम संपल्यावर फाइलबरोबर एक पान जपून ठेवावे लागते: त्या दिवशीचे हवेचे तापमान, पेट्रोल कोणत्या प्रकारचे, ईसीयूने शिकलेल्या दुरुस्त्या किती टक्के. इथेनॉलचे प्रमाण ० वरून २० टक्के झाले तर त्याच लॅम्डासाठी वजनाने सुमारे ९ टक्के जास्त पेट्रोल लागते. कमी लोडला सेन्सरच्या मदतीने ईसीयू ही भर शिकतो, आणि बरेच ईसीयू तीच शिकवणी पूर्ण लोडलाही लावतात. पण बॅटरी काढल्यावर ती पुसली जाते. मग एखाद्या सकाळी, नुकतीच बॅटरी बदललेली गाडी घेऊन मालक पहिल्याच मोकळ्या रस्त्यावर पेडल दाबतो, आणि तक्त्यात ०.८५ असलेल्या चौकटीत इंजिन ०.९२ वर धावते. म्हणून बॅटरीला हात लागला की आधी चाळीस-पन्नास किलोमीटर सावकाश चालवायला सांगतात, आणि दुरुस्त्या पुन्हा त्या पानावरच्या आकड्याजवळ आल्यावरच पूर्ण बूस्ट वापरायला देतात.